जबड्यातला दोष

बडोद्याजवळच्या वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या शेडचं शटर मंदाकिनी गुप्ते रोज सकाळी आठला स्वतःच्या हातानं वर करायची. वय पासष्ट, गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारलेला. कारेलीबागेतून इथवर मुलीच्या गाडीतून यायचं आणि मुलगी गाडी लावेपर्यंत आपण पुढं होऊन कुलूप काढायचं, हा तिचा नेम.

"अगं आई, जिजाबाईला दे ना किल्ली," पद्मा दहा वेळा तरी म्हणाली असेल.

"असू दे. सवय आहे."

सवय कसली, भीती होती. शटर वर गेलं, उजेड आत शिरला, की शेडमध्ये कुणीतरी आत्ताच बोलता बोलता थांबलंय असं वाटायचं. मग यायचा तो एकच शब्द. तिच्या नवऱ्याच्या आवाजात, खालच्या पट्टीत, जरा घाईनं.

"वाच."

दत्तात्रेयला जाऊन सात वर्षं झाली होती. तरी तिचे ओठ आपोआप हलायचे. "बारा पॉइंट चार," ती पुटपुटायची. मग शांत वाटायचं, पद्मा आत येईपर्यंत.

जिजाबाई पॅकिंगच्या बायकांमधली सर्वांत जुनी. नवरा रेल्वेत खलाशी, मूळ गाव जळगावकडचं. तिनं एकदा धरलंच.

"काकू, तुम्ही आकडे कोणाला सांगता?"

"कोणाला नाही."

"मग ठीक. मला वाटलं काकांना." जिजाबाईनं पदर खोचला. "नाही, कोपऱ्यातल्या मशीनचा जबडा मी रोज संध्याकाळी बंद करून जाते. सकाळी उघडा असतो. म्हटलं, काका बघायला येत असतील."

"स्प्रिंग जुनी झालीय त्याची."

"हशे," जिजाबाई म्हणाली. बडोद्यात चाळीस वर्षं काढल्यावर माणूस पटलं नाही की गुजरातीत हो म्हणतो.

त्या शेडमध्ये कॉफीच्या कॅप्सूल बनत. कॅप्सूल म्हटलं की औषधाची वाटते, म्हणून घरात पहिल्यापासून शब्द होता डबी. अंगठ्याएवढी ॲल्युमिनियमची वाटी, तळाशी गाळणकागद, आत सहा ग्रॅम कॉफी, वरून पातळ पत्र्याचं झाकण चिकटवलेलं. मशीनच्या जबड्यात डबी ठेवायची, दांडा खाली ओढायचा. सुई झाकण भोसकते, गरम पाणी जोरानं आत शिरतं, खाली जाळीतून कॉफी गळते. एका डबीत एकाची कॉफी. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांच्या खोल्यांत आणि साहेबांच्या केबिनींत या डब्या जात. बावीस बायका कामाला होत्या. हे सगळं पद्मानं उभं केलं असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. पण डबी या घरात आली होती पद्मा शाळेत असताना.

१९८९ साली रिफायनरीत नवं युनिट बसवायला युरोपातून एक इंजिनिअर आला होता. गेस्ट हाउसवर त्यानं आपलं कॉफीचं मशीन आणलेलं. बडोद्याच्या पाण्यातल्या क्षारांनी ते महिनाभरात गप्प केलं. दत्तात्रेय इन्स्ट्रुमेंट विभागात होता, प्रेशर गेज आणि व्हॉल्व्ह यांच्याशी त्याचं घरच्या माणसांपेक्षा जास्त जमायचं. त्यानं मशीन उघडून, घासून, परत चालू करून दिलं. बदल्यात साहेबानं दोन डब्या दिल्या. त्या त्यानं रुमालात बांधून घरी आणल्या.

"यात काय आहे?" मंदाकिनीनं विचारलं.

"कॉफी. एका माणसाची."

"आणि दुसरा आला तर?"

"दुसरी डबी."

"म्हणजे दोघांनी शेजारी बसून वेगवेगळ्या डब्या उघडायच्या. छान. भांडण झाल्यावर उपयोगी."

दत्तात्रेय हसला नाही. त्यानं वर्तमानपत्र पसरून एक डबी ब्लेडनं कापली आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत तिच्याकडे बघत बसला. "यात करणाऱ्याचा हातच लागत नाही मंदा," तो शेवटी म्हणाला. "माणूस बदलला तरी चूक होणार नाही."

मंदाकिनीला त्यातलं कौतुक कळेना. तिचे वडील संस्थानच्या कचेरीत होते. संस्थान गेलं तरी दुपारी चारला कचेरीतली जुनी मंडळी यायची, आणि आई दुधात कॉफी उकळायची. वरून जायफळ. ते किती घालायचं याचं माप आईच्या बोटांत होतं. वासावर शेजारच्या बायका खिडकीत यायच्या. मंदाकिनीला ते माप आलं होतं, आणि आपल्याला खऱ्या अर्थानं काही येत असेल तर एवढंच, असं तिला मनातून वाटे.

दत्तात्रेयनं शहाण्णव साली नोकरी सोडली आणि वाघोडियाला शेड घेतली. परदेशी मशीन भारतात परवडायचं नाही, मग आपलंच करायचं, साधं, दणकट, कचेऱ्यांना चालेल असं. डबीही आपलीच. मशीनचा जीव जबड्यात होता. डबी घट्ट धरणारा तो पोलादी भाग केसभर जरी ढिला पडला, तरी पाणी भलतीकडून फुटणार. तो जबडा केला नंदूनं. नंदू दत्तात्रेयचा मावसभाऊ. बाजव्याला त्याची लोखंड कातायची लेथ होती, आणि लेथवर त्याचा हात असा चालायचा की लोक काम देऊन तिथंच बघत उभे राहत.

ती तीन वर्षं मंदाकिनीच्या आयुष्यातली सर्वांत हसरी. शनिवारी नंदू आणि त्याची बायको कांचन स्कूटरवरून यायचे.

"वहिनी, दादाला सांगा, बायकोला एवढं घट्ट धरलं असतं तर पोरं चार झाली असती," जबडा लावता लावता नंदू म्हणायचा.

"नंदू, पद्मा ऐकतेय."

"ऐकू दे. तिला सासर बघताना उपयोगी पडेल."

भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून.

"डबीत जायफळ घालायचं नाही," दत्तात्रेय म्हणायचा. "तूप सुटतं त्याचं. जाळी धरते. पाण्याला वाट राहत नाही."

"मग ती कॉफी नव्हे. काढा."

"कपात पडल्यावर वरून किस की."

"वरून किसलेलं वर राहतं. शिजलेलं आत जातं. तुम्हाला जिभेपेक्षा जाळीचं पडलंय."

"मला डोळे शाबूत राहण्याचं पडलंय," तो म्हणाला होता. अगदी हेच शब्द. नंतर तिनं ते किती वेळा आठवले याला गणती नाही.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत अहमदाबादचा एक हॉटेलवाला मशीन बघायला यायचा होता. आवडलं तर साठ खोल्यांत साठ मशीनं. दत्तात्रेय आठवडाभर झोपला नव्हता. मंदाकिनीला वाटलं, माणसाला नुसती कडू परदेशी कॉफी पाजून काय होणार? त्याला एकदा आपली चव कळू दे. पहाटे तिनं एक अख्खं जायफळ कुटलं, वस्त्रगाळ केलं, आणि सहा डब्यांच्या कॉफीत मिसळून झाकणं चिकटवली. नवऱ्याला कळू नये म्हणून मशीनशेजारी किसणी आणि दुसरं जायफळ घेऊन उभी राहिली, प्रत्येक कपावर किसल्यासारखं करायला. लहानपणी गणपतीच्या नाटकात काम केलं होतं तिनं. हे त्याहून सोपं गेलं.

पहिला कप हॉटेलवाल्यानं घेतला. डोळे मिटले. "बेन, आ तो बहु सरस छे," तो म्हणाला. "सुगंध तो जुओ." दत्तात्रेयनं बायकोकडे बघितलं, अभिमानानं. त्या नजरेवर तिनं पुढचं आयुष्य काढलं आणि त्या नजरेनंच ते जाळलं.

दुसरा कप नंदूनं घेतला. तो जरा सावकाश गळला. मग हॉटेलवाला गप्पांत रमला. मशीन तोवर निवलं. आत जाळीवर तूप थिजलं. तिसरी डबी लावून दत्तात्रेय वाकून बघत होता, थेंब का येत नाही म्हणून, आणि पाणी कडेचं रबर फाडून त्याच्या तोंडावर आलं.

डावा डोळा गेला.

दवाखान्यात, चेहऱ्यावर पट्ट्या असताना तो पहिलं वाक्य बोलला ते हे: "नंदूचा जबडा. ढिला होता."

मंदाकिनी पलंगाशी उभी होती. त्या क्षणी बोलायचं होतं. तिनं त्याच्या पायावरची चादर सरळ केली. म्हणाली, "आता बोलू नका." त्याला म्हणाली, की स्वतःला, हे तिला कधी कळलं नाही.

संध्याकाळी ती शेडवर गेली. मशीनची जाळी काढली. पिवळसर मेणासारखा थर होता, नखानं निघेल असा. सगळा पुरावा तिच्या तळहातावर होता. आणि तिनं काय केलं? पाहुणे गेल्यावर बाई जे करते ते केलं. पाणी गरम केलं, सोडा घातला, जाळी लख्ख घासली, पुसून फडक्यावर वाळत ठेवली. उरलेल्या तीन डब्या नाल्यात टाकल्या. भांडं स्वच्छ झालं की घर पुन्हा आपलं होतं, असं तिच्या हातांना वाटलं असावं. डोक्याला विचारायला तिनं त्यांना वेळ दिला नाही.

नंदूला कुणी ओरडलं नाही. तेच वाईट. दत्तात्रेयनं नुसतं त्याला कळवलं की यापुढं काम दुसरीकडून करून घेईन. दत्तात्रेयची मोठी बहीण शैला हिनं मात्र चार घरी सांगितलं, की भावाचा डोळा नंदूच्या हलगर्जीपणानं गेला. सहा महिन्यांत नंदूनं लेथ विकली आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं.

आणि दत्तात्रेय जबडा सुधारायला बसला. सात वर्षं. एकेक नवं रेखाटन, एकेक नवा जबडा मकरपुऱ्याच्या कुठल्यातरी वर्कशॉपमधून. एका डोळ्यानं त्याला मापाच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. म्हणून मंदाकिनीनं मोजायचं आणि वाचायचं.

"वाच."

"बारा पॉइंट चार."

"असं कसं? जुनाही बारा पॉइंट चारच होता."

"तेवढाच आहे."

"नीट बघ मंदा. कुठंतरी केसभर फरक असणार. वाच परत."

फरक नव्हता. कधीच नव्हता. ती वाचत राहिली. जो दोष जबड्यात नाहीच तो शोधायला रोज सकाळी त्याच्या हातात कंदील द्यायचा, आणि आपण अंधार धरून शेजारी उभं राहायचं, असं ते काम. एक्केचाळीस जबडे झाले. बेचाळिसाव्याचं रेखाटन अर्धं राहिलं.

त्याला नेलं त्या दिवशी नंदू आला होता. फाटकाबाहेर उभा, पांढरा सदरा, उघडं डोकं. शैलानं जाऊन काहीतरी सांगितलं त्याला. तो खांदा न देताच परत गेला. मंदाकिनीनं खिडकीतून सगळं पाहिलं. तिच्या डोक्यावर तेव्हा कुणाचा तरी हात होता, आणि सगळे म्हणत होते, रडू दे तिला.

नंतर पद्मानं शेड हातात घेतली. मशीनचा नाद सोडला. पण डब्यांचं तंत्र घरात होतं, आणि दिवस असे आले की परदेशी मशीनच्या जुन्या पेटंटांची मुदत संपत चालली. ज्या मशीनला फक्त त्याच कंपनीची डबी चालायची, त्याला आता कुणाचीही चालणार होती. पद्मानं ते बरोबर हेरलं. एकाची चार सीलिंग मशीनं झाली. दत्तात्रेयचं मशीन तेवढं कोपऱ्यात राहिलं, मालाची चव बघायला. त्यात बसवलेला होता नंदूचा पहिला जबडा. मंदाकिनीनंच तो परत लावून घेतला होता. का, ते पद्मानं विचारलं नाही.

दोन हजार तेराच्या नोव्हेंबरात मंदाकिनी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेली. दत्तात्रेयच्या मागं मिळणाऱ्या पेन्शनसाठी दरसाल आपण जिवंत आहोत असं सही करून सांगावं लागे. त्या दिवशी नाइलाजानं किल्ली पद्माकडे होती. अकराच्या सुमाराला ती रिक्षानं शेडवर पोचली, आणि दारातच तिचे पाय थांबले.

जायफळाचा वास.

चौदा वर्षं या शेडमध्ये जायफळाचा कण आला नव्हता. मधूनमधून तिला तो वास यायचा, पण तो तिच्या एकटीचा असायचा. आज बायका मजेत नाक वर करून हुंगत होत्या.

"आई, एकदम टायमावर आलीस," कोपऱ्यातून पद्मा म्हणाली. "सरप्राइज द्यायचं होतं. मुंबईच्या पार्टीला जायफळवाली डबी हवीय. अस्सल मराठी कॉफी म्हणून विकणार. मी म्हटलं, आमच्या आजीचीच आहे. दोन कप झाले, क्लास आलेत. विचार जिजाबाईला."

"मस्त आहे काकू," जिजाबाई म्हणाली. "दुसरा जरा हळू गळला, पण मस्त."

"हा तिसरा तुझा." पद्मानं दांडा खाली ओढला होता. ती वाकून बघत होती. "येत का नाहीये थेंब?"

मंदाकिनीला नंतर सांगता आलं नाही की गुडघे तिला तिथवर कसे घेऊन गेले. तिनं पद्माच्या दंडाला धरून तिला मागं ओढलं, एवढ्या जोरानं की दोघी पॅकिंगच्या खोक्यांवर आदळल्या. पाण्याची धार जबड्याच्या कडेतून सुटली आणि समोरच्या भिंतीवर काळा फराटा उठला. जिजाबाईनं जाऊन प्लग काढला. भिंतीवरून कॉफी ओघळत होती.

"तुला कसं कळलं?" पद्मानं विचारलं.

मंदाकिनीनं जबडा उघडला, हात भाजत असताना जाळी काढली आणि उजेडात धरली. जाळीच्या भोकांवर लेप होता. निवता निवता तो पिवळा पडत गेला.

"हे असंच होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी."

"कुठल्या दिवशी?"

"तुझ्या बाबांच्या."

बायकांना बाहेर पाठवून ती पद्माला सगळं सांगत गेली. सांगायला पाच मिनिटं पुरली. चौदा वर्षं जे छातीवर बसलं होतं ते एवढंसं होतं याचंच तिला नवल वाटलं.

पद्मानं जाळी हातात घेतली. "मग जाळीचं काय केलंस?"

"घासली. सोडा घालून."

"बाबा सात वर्षं मापं घेत होते. तू वाचून दाखवायचीस."

"हो."

"मी कॉलेजातून यायचे तेव्हा तुम्ही दोघं दिव्याखाली बसलेले असायचात. मैत्रिणींना सांगायचे मी, माझे आईबाबा बघा." पद्माचा आवाज कुठंच चढला नाही. "नंदूकाकाला आपण दारातून परत पाठवला आई."

"मी पाहिलं होतं."

"पाहिलं होतंस." पद्मानं मान हलवली. "जायफळवाली डबी होणार नाही असं मी मुंबईला कळवते. बाकीचं तुझं तू बघ. आज मला तुझ्याशी बोलता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाकिनी वाघोडियाला गेली नाही. मशीनमधून काढलेला नंदूचा जबडा कापडी पिशवीत घेतला आणि बाजव्याची बस धरली. रस्ताभर ती वाट बघत होती त्या शब्दाची. तो आला नाही. त्यामुळं तिला धीर येण्याऐवजी जास्तच भीती वाटली. दत्तात्रेयला आता कळलं असेल, आणि तो बोलायचा थांबला असेल, असं तिच्या मनात आलं. मांडीवरची पिशवी जड लागत होती.

नंदूचं दुकान राहत्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. केस पांढरे झाले होते. तो कुणाच्या तरी रेशनकार्डाच्या प्रती काढत होता. तिला बघून त्यानं आधी गिऱ्हाईक वाटेला लावलं.

"वहिनी." तो उभा राहिला. "काय काढायचंय?"

"काढायचं नाही. सांगायचंय."

"बसा. कांचन आत आहे."

"आधी तुला सांगते. मग माझं धैर्य राहणार नाही."

उभ्यानंच सांगितलं तिनं. जायफळ, सहा डब्या, किसणी, जाळी. नंदू ऐकत होता आणि त्याचा हात मशीनच्या झाकणावरून फिरत होता, मागं-पुढं, मागं-पुढं. तिचं संपलं तेव्हा तो म्हणाला, "दुसरा कप मी प्यायलो होतो."

"हो."

"म्हटलं, वहिनींचा हात काय आहे. वरून किसलेलं एवढं लागतं." त्यानं श्वास सोडला. "दादाला सांगितलंत?"

"नाही."

"शेवटीसुद्धा?"

"नाही रे."

तिनं पिशवीतून जबडा काढून काउंटरवर ठेवला. "तुझा आहे. हा कधीच ढिला नव्हता. तू मोजून बघ."

नंदूनं त्याला हात लावला नाही. "मी नाही मोजणार," तो म्हणाला. "चौदा वर्षं डोक्यात तेच करतोय. अंघोळीला बसलो की आटे मोजतो. कुठं चुकलो, शेवटचा फेरा घेतला की राहिला. घेतला होता, हे माहीत असायचं मला. तरी दादा म्हणाला म्हणजे राहिला असणार. त्याचं मापात कधी चुकलं नव्हतं." मग जबड्याकडे बघून, "लेथ चांगली होती माझी. तुम्हाला आठवते?"

"आठवते."

"ज्यानं घेतली त्याच्या गल्लीतून मी जात नाही. आवाज ओळखू येतो."

मंदाकिनीनं हात जोडले. नंदूनं ते बघून मान दुसरीकडे वळवली.

"मला हात जोडून काय होणार? मी घरात बसलेला माणूस. ऐकून घेतलं ते कांचननं. लग्नकार्यात बायका हिला बघून बोलायच्या थांबायच्या. हळदीकुंकवाला जायचं सोडलं हिनं. तिला सांगा."

कांचन स्वयंपाकघरात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. वर बघून तिनं शांतपणे विळी बाजूला सारली. "ऐकलंय मी," ती म्हणाली. "दुकान म्हणजे काय, एक पडदा तर आहे मध्ये. किती घातलं होतं जायफळ?"

"सहा डब्यांना एक अख्खं."

"अख्खं?"

"पाहुणा होता."

"घरात तुम्ही पातेलंभर कॉफीला पाव घालायच्या. मला तुम्हीच शिकवलेलं." कांचन उठली, हात पदराला पुसले. रडली नाही, ओरडली नाही. फ्रिजवरचा मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि नंबर शोधायला लागली. "मला सांगून काय उपयोग मंदावहिनी? मला माहीतच होतं की ह्यांच्या हातून तसं होणार नाही. ज्यांनी गावभर केलं त्यांना सांगा."

"कोणाला लावतेस?"

"शैलावन्संना. चौदा वर्षांत मी त्यांना फोन केला नाही, पण नंबर ठेवलाय." तिनं बटण दाबून मोबाइल ओट्यावर ठेवला. रिंग खोलीभर ऐकू यायला लागली. "स्पीकरवर आहे. पहिल्यापासून सांगा. मध्ये काही गाळू नका."

मंदाकिनीनं ओट्याची कड धरली. शैला आता चौऱ्याहत्तरची होती. तिचा आवाज कारेलीबागेतल्या पाच-पंचवीस घरांत पोचायचा, आणि त्या सगळ्या घरांत मंदाकिनी म्हणजे एका डोळ्याच्या नवऱ्याचा दुसरा डोळा झालेली बाई होती. दिवाळीच्या फराळाला बोलावून तिचं उदाहरण सुनांना देत. ते सगळं या एका फोनमध्ये जाणार होतं. तिनं नंदूकडे बघितलं. तो पडद्याशी येऊन उभा राहिला होता. दुकानात झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. तो मागं गेला, ते बंद करून परत आला.

"हॅलो, कोण?" शैलाचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"वन्सं, मी मंदा," मंदाकिनी म्हणाली. "बाजव्याहून बोलतेय, नंदूकडून. ह्यांच्या डोळ्याचं सांगायचंय तुम्हाला."